चार वेळा दाबलेलं बटण

आमच्या लातूरच्या घरात माझा फेटा बांधलेला एकच फोटो आहे. बैठकीतल्या कपाटावर, बायकोने मुद्दाम फ्रेम करून ठेवलेला. गुलाबी फेटा, खांद्यावर शाल, डाव्या हातात नारळ, आणि उजवा हात पँटच्या खिशात. येणारे-जाणारे म्हणतात, ‘सर, रुबाबदार दिसता हं.’ बायकोची मात्र त्या हाताबद्दल तक्रार असायची. सत्कार घेताना कुणी खिशात हात घालतं का, लोकांना वाटेल मास्तर शिष्ट आहेत. कधी मी सांगितलं, रुमाल काढत होतो. कधी सांगितलं, मोबाइल थरथरत होता. खरं म्हणजे तो हात गाडीच्या रिमोटवर होता आणि अंगठा बटणावर होता. त्या दिवशी मंडपात ते बटण मी चार वेळा दाबलं. फोटो चौथ्या वेळचा आहे.

मी ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. बावीस वर्षं झाली. आमच्या गावात बारावीच्या पोरांचं काय प्रस्थ असतं ते सांगायला नको. भाड्याच्या खोल्यांमधून, खाणावळींमधून पोरं नुसती भरलेली असतात आणि त्यांना शिकवणाऱ्याला रस्त्यावरचा केळीवालासुद्धा ‘सर’ म्हणतो. उष्णतेचं प्रकरण मी विशेष रंगवून शिकवतो. त्यात माझं एक ठरलेलं उदाहरण आहे: उन्हात उभी केलेली बंद गाडी. काच उन्हाला आत येऊ देते, पण आतली उष्णता तितक्या सहज बाहेर जाऊ देत नाही, त्यामुळे बाहेरच्यापेक्षा आतलं तापमान भराभर चढत जातं. शेवटी आवाज खाली आणून मी सांगतो, ‘म्हणून बंद गाडीत लहान मूल किंवा मुकं जनावर कधीही ठेवायचं नाही.’ पोरं हे वाक्य उतरवून घेतात. परीक्षेत ते येत नाही हे माहीत असूनही काही जण त्याखाली रेघ मारतात.

कुत्री माझ्या मुलीची. पाचवीत असताना तिने ती क्लासच्या पार्किंगमधून दप्तरात घालून आणली होती. देशी, तांबूस रंगाची, एक कान उभा आणि एक पडलेला. मुलीने तिला एक सुंदर नाव ठेवलंय. ते मी इथे लिहीत नाही. या प्रकारानंतर ते नाव घ्यायचा आपल्याला फारसा हक्क राहिला नाही असं मला वाटतं. मुलगी इंजिनिअरिंगला पुण्याला गेली तेव्हा आम्हा दोघांपेक्षा कुत्रीच्या गळ्यात पडून जास्त रडली. त्याच महिन्यात आम्ही नवी गाडी घेतली होती. निघताना तिने मला सूचना दिली. ‘पप्पा, हिला गाडीत एकटं सोडायचं नाही. आणि सोडायची वेळ आलीच तर अलार्म लावायचा. आजकाल कुत्री चोरतात.’

आमच्या कुत्रीला कुणी चोरेल अशी शक्यता नव्हती. पण मुलीचा शब्द म्हणून मी औसा रोडवरच्या एका दुकानात जाऊन अलार्म बसवून घेतला. दुकानदार हुशार माणूस. म्हणाला, ‘सर, लई भारी माल हाय. आत माशी हलली तरी कोकलतंय.’

‘आत कुत्री असली तर?’

‘मग तर उलट बरं. तिला कुणी हात लावला की गल्ली जमा होती. फक्त एक करा, काचा पूर्ण बंद ठेवा. वारं शिरलं तरी वाजतंय ते.’

मी मान हलवली. बावीस वर्षं उष्णता शिकवणाऱ्या माणसाच्या कानावर ते वाक्य पडलं आणि त्याने फक्त मान हलवली.

मे महिना होता. बायको नांदेडला, तिच्या आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी गेलेली. आणि त्याच आठवड्यात निलंग्याला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचं लग्न निघालं. पोरगा डॉक्टर झाला होता. त्याचे वडील निलंग्यातले धान्याचे व्यापारी; स्वतः लातूरला येऊन पत्रिका देऊन गेले होते आणि पत्रिकेवर माझं नाव त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, ‘गुरुवर्य’ धरून. न जाण्याचा प्रश्नच नव्हता. कुत्रीला घरी एकटी ठेवली तर दिवसभर भुंकते आणि शेजारचे काका संध्याकाळी गेटपाशी उभे राहून काहीही न बोलता आमच्याकडे बघत राहतात. म्हणून मी तिला बरोबर घेतलं. बायकोला फोनवर सांगितलं, ‘तोंड दाखवून निघतो. पाच मिनिटांचं काम.’

लग्न साडेबाराचं होतं. आमच्याकडचं साडेबाराचं लग्न कधी लागतं हे आमच्याकडच्या माणसाने विसरायला नको. अक्षता पडण्याआधी सत्कार असतात. सूत्रसंचालक माइकवरून एकेकाचं नाव, गाव, पद आणि कार्य सांगतो. मग तो एकेक जण स्टेजवर जातो. फेटेवाला फेटा बांधतो, शाल पडते, नारळ मिळतो, फोटो निघतो आणि एखाद्याला दोन शब्द बोलावेसे वाटतात. नवरा-नवरी तोवर घामाने निथळत खुर्च्यांवर बसून असतात. मुहूर्त टळून जातो, पण सत्काराच्या यादीतलं एक नाव गाळायची कुणाची हिंमत नसते.

मंडपाच्या मागे कडुनिंबाचं मोठं झाड होतं. सावली चांगली होती. बँडवाले तिथे सतरंजी टाकून बसले होते, वाजवायची वेळ येईपर्यंत. त्यांच्या बाजूला मी गाडी लावली, चारही काचा चार बोटं खाली ठेवल्या, अलार्म लावला आणि निघालो. वीस पावलं गेलो नसेन तर गाडी कोकलायला लागली. फटीतून वारा शिरत होता. दुकानदाराचं बोलणं आठवलं. मी परत गेलो आणि चारही काचा वर केल्या.

अलार्म न लावता काचा उघड्या ठेवून जाता आलं असतं. हे मला नंतर सुचलं असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत आलो. ते तेव्हाच सुचलं होतं. पण गाडी नवी होती, आणि आपण तर सुरक्षेचा उपाय करतोय, असं समाधानही होतं. मुलीच्या सूचनेचा दुसरा अर्धा भाग मी अगदी तंतोतंत पाळला. कुत्री मागच्या सीटवर टॉवेलवर बसली होती. मी काचेतून तिला पाच बोटं दाखवली. पाच मिनिटं.

मंडपाच्या तोंडाशीच नवरदेवाचे वडील भेटले. कपाळावर विभूतीचे ताजे पट्टे, घामाने खालून ओघळायला लागलेले.

‘शरणार्थ सर. आलाव का. म्हणलं सर येतेत का न्हाई.’

‘येणारच की. पण मी जरा घाईत आहे, अक्षता झाल्या की…’

‘घाई कशाची. समोर बसा. तुमचा सत्कार हाय. यादीत सातवं नाव हाय तुमचं.’

सातवं. इथे मला एक कबुली द्यावी लागेल. त्याआधी दोन वर्षं शिरूर अनंतपाळला अशाच एका विद्यार्थ्याच्या लग्नात मी पुढच्या रांगेत दोन तास बसलो होतो आणि माझ्या आधीच्या माणसापाशी नारळ संपले होते. सूत्रसंचालकाने ‘वेळेअभावी ज्यांची नावं राहिली त्यांनी उदार मनाने सांभाळून घ्यावं’ असं म्हटलं, आणि मी उदार मनाने टाळ्या वाजवल्या. घरी आल्यावर बायकोला सांगितलं की मला असल्या गोष्टींचं काही वाटत नाही. रात्रीच्या जेवणापर्यंत तिला तीनदा सांगितलं. तेव्हा आता सातवं नाव ऐकल्यावर मी काय केलं असेल ते ओळखायला अवघड नाही. मी समोर जाऊन बसलो.

शेजारी एक निवृत्त मुख्याध्यापक होते. दुसऱ्या माणसाला फेटा बांधणं चाललं होतं तेव्हा मागून गाडीचा आवाज आला. आपल्या घरचं भांडं पडलं तर जसं आपल्याला कळतं, तसं मला कळलं. हात खिशात गेला, अंगठ्याने बटण दाबलं, आवाज थांबला.

‘कुणाची गाडी कोकलायलीय,’ मुख्याध्यापक म्हणाले.

‘हल्लीच्या गाड्यांचं असंच असतं,’ मी म्हणालो.

मी तेव्हा मनात एक हिशोब मांडला. वाजलं म्हणजे ती हलली. हलली म्हणजे ती बरी आहे. शिवाय सावली आहे. तिसऱ्या सत्कारमूर्तीने दोन शब्द बोलायला घेतले आणि ते शिक्षणाचं महत्त्व या विषयावर बराच वेळ बोलत राहिले. सावली एका जागी राहत नाही, हे त्या वेळात माझ्या मनात आलं नाही. ते चौथीच्या पुस्तकात असतं.

चौथ्या माणसाच्या वेळी पुन्हा वाजलं. या वेळी सूत्रसंचालकानेच दखल घेतली. ‘पांढऱ्या गाडीचे मालक जिथं कुठं असतील त्यांनी गाडीकडं बघावं. आपली गाडी बहुतेक अक्षता मागायलीय.’ मंडप हसला. मीही हसलो. हसता हसता खिशात बटण दाबलं.

‘बरं झालं, सापडला मालक,’ मुख्याध्यापक म्हणाले.

मला उठता आलं असतं. उठलो असतो तर सगळ्यांना कळलं असतं की ती गाडी माझी. मग कुणीतरी बरोबर आलं असतं, आत कुत्री दिसली असती, आणि निलंग्यात, औशात, लातुरात, जिथे जिथे माझे विद्यार्थी पसरलेत तिथे, पोचलं असतं की सरांनी कुत्रीला उन्हात गाडीत कोंडून ठेवलं होतं. शिवाय माझं नाव सातवं होतं आणि पाचवा माणूस स्टेजवर चढत होता.

तिसऱ्यांदा वाजलं ते बराच वेळ वाजत राहिलं, कारण टाळ्या चालू होत्या आणि मी टाळ्या वाजवत होतो. मग बटण दाबलं.

त्यानंतर ते वाजलं नाही. सहावे सत्कारमूर्ती एक पुढारी होते. ते वाटेत होते, म्हणून सगळे त्यांच्यासाठी थांबले. ते आले, त्यांना फेटा बांधला, ते बोलले. गाडीचा आवाज नाही. मंडपामागे सगळं शांत. मला वाटलं, दमून झोपली असेल. मला हायसं वाटलं. हे वाक्य मी तीनदा खोडलं, पण खरं तेच आहे: मला हायसं वाटलं.

मग माझं नाव घेतलं गेलं. फेटा बांधताना मान हलवायची नसते. मी स्टेजवर मान ताठ करून उभा राहिलो. नवरदेवाने, माझ्या विद्यार्थ्याने, हट्टाने माइक घेतला. कपाळावरचं बाशिंग हाताने सांभाळत तो म्हणाला, ‘सरांची उदाहरणं माणूस विसरत नाही. प्रेशर कुकरचं, माठाचं, उन्हातल्या गाडीचं. आज मी जो काही आहे…’ मी नम्रपणे मान खाली घालायला गेलो तर फेटेवाला पुटपुटला, ‘हलू नका, सर.’

शाल पडली, नारळ हातात आला. फोटोग्राफर म्हणाला, ‘सर, इकडं बघा.’ आणि त्याच क्षणी मागून काहीतरी फुटल्याचा आवाज आला, पाठोपाठ अलार्म. माझा हात माझ्या आधी खिशात पोचला. फोटो निघाला. अलार्म थांबला.

मिनिटाभरात लाल गणवेशातला एक म्हातारा बँडवाला स्टेजच्या पायरीपाशी येऊन सूत्रसंचालकाच्या कानाला लागला. त्याच्या मनगटातून रक्त येत होतं. सूत्रसंचालकाचा आवाज एकदम साधा झाला. त्याने माझ्या गाडीचा नंबर पुकारला आणि म्हणाला, ‘गाडीत कुत्रं निपचित पडलंय. कुणाची गाडी असंल त्यांनी लवकर जावं.’

मी धावलो. डोक्यावर फेटा, अंगावर शाल, हातात नारळ.

कडुनिंबाची सावली झाडाच्या पलीकडे गेली होती. गाडी पूर्ण उन्हात होती आणि मागच्या दाराची काच फुटली होती. सावलीबरोबर बँडवाल्यांची सतरंजीही सरकली होती. ती माणसं आपोआप सावलीबरोबर सरकली होती, त्यासाठी त्यांना भौतिकशास्त्र लागलं नव्हतं. कुत्री पाण्याच्या टँकरपाशी आडवी होती. दोघं जण तिच्या अंगावर बादलीने पाणी सोडत होते. जीभ बाहेर, डोळे उघडे, पण कशाकडेच न बघणारे.

म्हातारा माझ्या मागून आला. ‘तुमची हाय?’

‘हो.’

‘कुठं होताव?’

‘मंडपात.’

‘आन् आमाला वाटलं मालक हितंच कुठंतरी हाय. वाजलं की बंद व्हायचं, वाजलं की बंद व्हायचं. म्हणलं कुणीतरी बघून राहिलंय, आपण कशाला मधी पडावं. न्हाईतर पयल्या खेपेलाच फोडली असती काच.’

तो म्हणाला, ‘फेटा काढा.’

मला वाटलं, प्रसंगाचं गांभीर्य म्हणून सांगतोय. नारळ खाली ठेवून मी तो दोन्ही हातांनी उचलून काढला. त्याने माझ्या हातातून घेतला, सरळ बादलीत बुडवला आणि कुत्रीच्या पोटाला, मांड्यांना गुंडाळला. त्याला नुसतं कापड पाहिजे होतं. फेट्याचा रंग कच्चा होता. गुलाबी पाणी मातीतून वाहायला लागलं.

पाण्याचं भांडं गाडीत होतं. ते काढायला मी पुढचं दार उघडायला गेलो आणि सवयीने खिशातून रिमोट काढून बटण दाबलं. गाडी टुक करून उघडली. म्हाताऱ्याने माझ्या हाताकडे बघितलं. मग मंडपाकडे बघितलं. मग परत हाताकडे.

‘अस्सं व्हय,’ तो म्हणाला. त्यापलीकडे तो मला एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

एवढ्यात नवरदेव बाशिंगासकट धावत आला. गुडघ्यावर बसून त्याने कुत्रीच्या मांडीत बोटं दाबून नाडी बघितली. ‘आहे, सर. पाणी टाकत राहा, बर्फ नको.’ मग माझ्याकडे बघून म्हणाला, ‘अलार्म वाजला म्हणून बरं झालं. नाहीतर कुणाला कळलंच नसतं.’

मी मान हलवली. ही माझी दुसऱ्यांदा हललेली मान.

थोड्या वेळाने तिने डोकं उचललं, पाणी प्यायली, ओकली, पुन्हा प्यायली. म्हाताऱ्याने तिला उचलून गाडीत ठेवलं आणि जाऊन आपल्या सतरंजीवर बसला. मी निघालो तेव्हा अक्षता अजून पडल्या नव्हत्या. लातूरला जनावरांच्या डॉक्टरांनी तिला सलाइन लावलं. संध्याकाळी ती शेपटी हलवत घरी आली. अंगावर गुलाबी डाग आठवडाभर होते.

बायकोचा फोन आला. मी म्हणालो, ‘गाडीची काच फोडली कुणीतरी.’ हे खरं होतं. ‘अलार्म वाजला.’ हेही खरं होतं. ‘मग मी धावत गेलो.’ तेही खरंच. तीन खरी वाक्यं मी अशा क्रमाने ठेवली की त्यांचं मिळून एक धादांत खोटं झालं. सलाइनचं विचारलं तेव्हा म्हणालो, घाबरली होती आणि ऊनही लागलं.

त्या रात्री पुण्याहून मुलीचा व्हिडिओ कॉल आला. कुत्रीला बघून ती रडली. मग म्हणाली, ‘मी म्हणाले होते ना पप्पा, अलार्म पाहिजेच. तुम्ही होतात म्हणून वाचली ती.’ तिने ही गोष्ट होस्टेलवर सांगितली. बायकोने नांदेडला सांगितली. काच बदलायला गेलो तर दुकानदाराला आधीच कळलेलं. पुढे तो प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायला लागला, ‘आमच्या सरांची कुत्री ह्याच्यामुळंच वाचली,’ आणि दुकानात मी दिसलो की माझ्याकडे बोट करायचा. मी मान हलवायचो. आता त्याची सवय झाली होती.

एक गोष्ट मात्र मी कुणाला सांगितली नाही. गाडी लॉक करताना जो टुक टुक आवाज होतो तो ऐकला की कुत्री थरथरायची आणि जागच्या जागी लघवी करायची. घरात बसलेली असली आणि बाहेर गल्लीत दुसऱ्या कुणाची गाडी लॉक झाली, तरीसुद्धा. बायको म्हणाली, ‘वय झालं हो तिचं.’ मी म्हणालो, ‘हो ना.’

दिवाळीला मुलगी आली. तिने गाडी चालवायचं लायसन काढलं होतं. बायको आधीच माहेरी गेली होती. भाऊबीजेला आम्ही दोघं आणि कुत्री नांदेडला निघालो. गाडी मुलगी चालवत होती. अहमदपूर मागे पडलं आणि लोह्याजवळ चहाला थांबलो. सकाळची वेळ, हवेत गारवा. मी पट्टा शोधत होतो तेवढ्यात ती म्हणाली, ‘राहू द्या की पप्पा तिला आत. पाच मिनिटांचं काम.’ तिने काचा वर केल्या, बटण दाबलं. टुक टुक.

मी वळून बघितलं. काचेमागे कुत्री थरथरायला लागली होती. मुलगी पुढे चालत होती.

‘अगं, एवढ्या थोड्या वेळासाठी…’

‘अलार्म लावलाय की. तुमचाच तर आहे.’

आम्ही बाकावर बसलो. हॉटेलवाल्याने चहा टाकला. मुलगी मैत्रिणीला फोनवर काहीतरी लिहीत होती. गाडी कोकलायला लागली. तिने मोबाइलवरची नजर न उचलता दुसऱ्या हाताने खिशातून रिमोट काढला आणि बटण दाबलं. आवाज थांबला.

‘बघा,’ ती म्हणाली. ‘लगेच बंद होतं.’

तिचा अंगठा मी बघितला. अगदी माझ्यासारखाच ठेवला होता.

‘चावी दे,’ मी म्हणालो.

‘का? चहा येतोय.’

‘चावी दे, बाई.’

गाडीत जाऊन मी मागच्या सीटवर बसलो. टॉवेल ओला झाला होता. कुत्री माझ्या मांडीत तोंड खुपसून थरथरत राहिली. सगळ्या जगात थरथरायला तिला मीच सापडावा, हे माझ्या मनात आलं. मुलगी दोन ग्लास घेऊन आली आणि दार उघडून उभी राहिली.

‘काय झालं, पप्पा? थंडी आहे की. तिला काय होणार होतं?’

मी तिला सांगितलं. कडुनिंबापासून. काचा खाली होत्या, मग वर केल्या. सातवं नाव. पहिल्यांदा, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. बँडवाल्याने काय म्हटलं ते. दोन्ही ग्लासांवर साय धरली.

‘किती वेळा दाबलं?’

‘चार.’

‘चौथ्यांदा काच फुटली तेव्हा?’

‘हो.’

‘तो फोटो. त्यात हात खिशात आहे तुमचा.’

‘हो. तोच.’

तिने ग्लास गाडीच्या टपावर ठेवले. कुत्रीच्या पडलेल्या कानामागे हात फिरवला. रडेल असं वाटलं होतं, रडली नाही.

‘आणि आत्ता मी एकदा,’ ती म्हणाली.

‘तुझं काय चुकलं. तुला मीच शिकवलं ते.’

‘हो,’ ती म्हणाली. ‘तुम्ही चांगलं शिकवता. सगळेच म्हणतात.’

पुढे नांदेडपर्यंत तिने चारही काचा खाली ठेवल्या. थंडी वाजत होती; मी शाल अंगावर घ्यायला काढली तर लक्षात आलं की ती सत्काराचीच होती. परत ठेवून दिली. नांदेडच्या अलीकडे मुलगी एवढंच म्हणाली, ‘मम्मीला तुम्ही सांगायचं. मी नाही सांगणार.’

सांगितलं. सासूबाई पलीकडे ओवाळणीचं ताट लावत होत्या, त्यांनीही ऐकलं. बायको म्हणाली, ‘म्हणजे मी सहा महिने तिचं वय झालं म्हणत राहिले.’ मी फोटो कपाटावरून काढतो म्हणालो. ती म्हणाली, ‘राहू द्या तिथंच.’

अलार्म मी काढून टाकला. दुकानदाराला कारण सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि शेजारच्या गिऱ्हाइकाला दुसरी काहीतरी वस्तू दाखवायला घेतली. कुत्री अजूनही गल्लीतल्या गाड्यांना दचकते, पण लघवी करत नाही. तिला गाडीत एकटं सोडायला आमच्याकडे कायमची बंदी आहे. मी लग्नांना बसने जातो.

फोटो तिथेच आहे. बायको आता हाताबद्दल तक्रार करत नाही. पण कुणी पाहुणा म्हणालाच, ‘सर, हात खिशात का हो?’, तर ती चहा ठेवायला उठते आणि आत जाता जाता म्हणते, ‘त्यांनाच विचारा.’

मग मी सांगतो. चहा होईपर्यंत कडुनिंबापासून काच फुटेपर्यंत सगळं बरोबर सांगून होतं.